खाडीत परत टाकलेल्या तिसऱ्या

ओहोटीला शेजारच्या सुमनकाकी गुडघाभर चिखलात वाकून तिसऱ्या, खायच्या शिंपल्या, वेचत होत्या. नखाएवढी बारकी शिंपली हाताला लागली की ती परत चिखलात. "बारक्या नेल्या तर पुढल्या वर्षी काय वेचू?"

मी काठावर उभी. जन्माची शाकाहारी, आणि त्याचा तोरा आहेच मला.

"यांना डोळे नाहीत की तोंड नाही. खाऊन तरी बघ गो!"

"नको काकी," मी म्हटलं. माझ्या ताटात जीव नसतो, हे आजवर मिरवलं. पण त्यातला फ्लॉवर कुठल्या शेतातून, किती कीटकनाशकांचे फवारे सोसून येतो, कुणास ठाऊक.

काकींनी कंबर सरळ केली, खाडीभर नजर फिरवली. "सासूने दाखवल्या तेव्हा होत्या, तेवढ्याच आहेत बघ अजून."

माझ्या ताटाबद्दल असं छातीठोक मला काहीच सांगता येईना.