हवाईपत्रावरचा ठप्पा

माझ्या प्रबंधाचा विषय ऐकला की बल्लारपूरला आमच्या गल्लीतले लोक आधी हसायचे आणि मग विचारायचे, "हे शिकून होते काय?" युरोपातले देश बंदूक न दाखवता, मासिकं, सिनेमे आणि रेडिओ पाठवून परक्यांची मनं कशी जिंकत, असा तो विषय. इंग्रजीत त्याला सॉफ्ट पॉवर म्हणतात. पेपर मिलमधून रिटायर झालेल्या माझ्या वडिलांनी एकदाच ते नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे गोड बोलून गळा कापणं. मग तसंच लिही ना बापा, एवढी पानं काहाले?"

मी तशी चिडकीच. त्यात नागपूरच्या गाईड सरांनी माझी दोन प्रकरणं परत पाठवली. "पाठवणाऱ्यांबद्दल सगळं लिहिलंत. ऐकणारे कुठे आहेत?" झालं, मी तणतणत दिल्ली गाठली. तिथल्या एका ग्रंथालयात पूर्व जर्मनीच्या हिंदी प्रसारणाच्या श्रोता-मंडळांची जुनी यादी सापडली. यादीत एक गाव धानोऱ्याच्या पुढचं होतं, आमच्या घरापासून एका दिवसाच्या वाटेवर. काखेत कळसा अन् गावाला वळसा, दुसरं काय!

नव्वदचं दशक संपत आलं होतं. एसटीतून उतरले तेव्हा डोक्यावर ऊन होतं. तळ्याच्या काठी जाळी वाळत घातलेली, पण माणूस एकही नाही. एक कुत्रं सावलीतून उठलं, माझ्याकडे पाहिलं आणि परत बसलं. परक्या बाईवर गावातलं कुत्रं भुंकत नाही, हे मला मुळीच आवडलं नाही. एकदा वाटलं, परतीच्या गाडीपर्यंत इथेच फाट्यावर बसून राहावं.

यादीतला पत्ता डाकघराचाच निघाला. डाकघर म्हणजे एका मातीच्या घराची ओसरी. तिथे लाल पेटी, एक टेबल, आणि टेबलामागे साठीचे पोस्टमास्तर. आत दारापाशी त्यांची बायको उभी होती. तिनं पाणी दिलं आणि परत दारात जाऊन उभी राहिली.

"तो देश तर केव्हाच संपला," पूर्व जर्मनीच्या रेडिओवरचं माझं काम आणि पुढच्या वर्षीची जर्मनीची वारी सांगून झाल्यावर मी जरा हुशारी दाखवत म्हणाले.

"मालूम आहे मले," मास्तर म्हणाले. "त्याईची तिकिटं येणं बंद झालं न."

मंडळ सात जणांचं होतं. संध्याकाळी सगळे या ओसरीवर बसून हिंदी कार्यक्रम ऐकत आणि आवाज कसा आला ते कळवत. तिकडून उत्तरादाखल रंगीत कार्डं येत. मास्तरांनी पत्र्याची पेटी उघडली आणि माझं तर भाग्यच उघडलं! घाटांची, कारखान्यांची, बर्फातल्या पोरांची कार्डं. मी खाली बसून अधाशासारखी वही भरायला लागले.

एक गठ्ठा त्यांनी वेगळा बांधला होता. त्यातली सगळी कार्डं एकाच मुलीच्या नावानं आलेली.

"ही कोण?"

"माही पोरगी. मंडळातली सातवी. नऊ वर्साची होती, ताप डोक्यात गेला अन् गेली."

मी म्हणाले ते तेव्हा मला शहाणपणाचं वाटलं होतं. म्हणाले, "मास्तर, त्यांच्याकडे नावांची यादी असते. मेलेल्याचं नाव कोणी कमी करत नाही, म्हणून कार्डं येत राहतात."

"वाचा न मॅडम," ते म्हणाले.

मी वाचलं. एका कार्डावर आठवीत गेल्याबद्दल अभिनंदन. पुढच्यावर, तुमच्या तळ्याचं वर्णन आवडलं. आणखी दोन वर्षांनी, दहावी पास झाल्याबद्दल शाबासकी. तिकडे ती मोठी होत होती. माझा हात थांबला. बाहेर ऊन रणरणत होतं आणि मला पदर घट्ट ओढून घ्यावासा वाटला. खरं सांगते, मी घाबरले.

"या गावातून जाणारं हरेक पत्र माह्या हातातून जाते," मास्तर अगदी हळू बोलत होते. "तिच्या नावाचं एकबी गेलं नाई. मंग थे लिहिते कुठून? तिच्या मातीले मी नव्हतो. डाकेची थैली घेऊन धानोऱ्याले गेलतो, नाला चढला, तीन दिवस अडकलो. आलो तवा सगळं होऊन गेलतं. म्या तिचं तोंड नाई पाह्यलं. घरचा रस्ता चुकली असन, मॅडम. लहान होती न."

मी कार्डं परत गठ्ठ्यात बांधली. मग त्यांनीच विचारलं, "तुम्ही जर्मनीले जाऊन राह्यल्या न? एक काम करजा. तिचं पत्र सापडलं त त्याच्यावरचा ठप्पा पाहजा. जिथून टाकलं तिथचा ठप्पा पडतेच. कुठचा आहे तेवढं सांगजा. मी जाऊन तिले घेऊन येतो."

मी हो म्हणाले. नाही कशी म्हणणार?

पुढच्या वर्षी मी बर्लिनला गेले. जर्मनांच्या सॉफ्ट पॉवरचा अभ्यास करायला जर्मनांनीच विमानाचं तिकीट दिलं होतं, यावरून वडिलांनी मला महिनाभर चिडवलं. तिथल्या अभिलेखागारात जुन्या रेडिओची कागदपत्रं खोक्यांत भरून ठेवली होती. भारताची खोकी तेरा. अकराव्या खोक्यात ती मुलगी सापडली.

नऊ हवाईपत्रं, दर वर्षाचं एक. निळ्या कागदावर मोठी, डावीकडे कललेली अक्षरं. शाळेबद्दल, तळ्यातल्या मासोळ्यांबद्दल, मायबद्दल. शेवटच्या पत्रात लिहिलं होतं की लग्नाचं बोलणं चाललंय, पण मी नाही म्हटलं, मी गेले तर माय एकटी पडेल. प्रत्येक पत्राला टाचणीनं एक चिठ्ठी लावलेली, तिथल्या कोण्या बाबूनं टाइप केलेली. शेवटच्या चिठ्ठीवर, श्रोता: स्त्री. वय: अठरा. आमच्या देशाविषयी मत: अनुकूल.

कबरीतल्या पोरीचं मत त्यांनी अनुकूल म्हणून मोजलं होतं, आणि असलेच आकडे मी दोन प्रकरणांत मोठ्या ऐटीत वापरले होते!

मग मी पत्र उलटून ठप्पा पाहिला. गोल, ठळक, एकही अक्षर पुसट नाही. त्याच गावाचा, मास्तरांच्याच टेबलावरचा. नऊच्या नऊ पत्रांवर तोच.

आधी अंगावर काटा आला आणि मग संताप. म्हाताऱ्यानं मला चांगलंच बनवलं! स्वतः लिहायचं, स्वतःच ठप्पा मारायचा आणि वर माझ्यापुढे रडायचं. मी सगळ्या पत्रांच्या बाहेरच्या बाजूच्या झेरॉक्स घेतल्या. परतल्यावर मास्तरांना कार्ड टाकलं की अमुक दिवशी येते, आणि त्या दिवशी मनातल्या मनात भांडणाची तयारी करतच एसटीत बसले.

चैत्र होता. फाट्यावर उतरले तर मास्तरांची बायको मोहाच्या झाडाखाली टोपली घेऊन माझीच वाट पाहत होती. मी तिच्यावरच घसरले. "बाई, पत्रं तुमच्या मास्तरांनीच लिहिली. मला कशाला फसवलं?"

"हौ, त्याईनंच लिहिली," ती म्हणाली. "पण त्याईले मालूम नाई."

"काहीही काय सांगता!"

"मास्तर उजव्या हातानं लिहिते, मॅडम. पोरगी डावखुरी होती." ती खाली बसली आणि बोलता बोलता फुलं वेचू लागली. "वर्साले एक खेप. भर दुपारी, जेवून उठले का टेबलावर बसत अन् डाव्या हातानं लिहीत, भराभर. ठप्पा मारत, थैलीत टाकत अन् खाटेवर जाऊन झोपत. उठल्यावर काईच याद नाई. पयल्या वर्सी म्या भेऊन हाक मारली. त्याईनं मान वर केली अन् मले 'माय' म्हटलं. तिच्या आवाजात."

झाडाखाली फुलांचा गोड, जड वास कोंडला होता.

"मग तुम्ही काय केलं?"

"मंग काय? मंग म्या कधीच त्याईले उठवलं नाई. दर खेपी दारात जाऊन उभी राहो. लिहिणं झालं का थे एकदा माय म्हणे." तिनं टोपली उचलली. "तो देश बुडाला तवापासून नाई म्हटलं. ठप्प्याचं सांगायचं त सांगजा, मॅडम. पण त्याईचा हात होता म्हणून नोका सांगू."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी तिच्या मागोमाग चालू लागले. गाडी केव्हाच निघून गेली होती.

मास्तर ओसरीवर उभे होते. धुतलेला सदरा, पायात वहाणा. टेबलावर कापडी पिशवी भरून ठेवलेली. माझं कार्ड आल्यापासून ते निघायच्या तयारीत होते.

"कुठचा ठप्पा?" त्यांनी उभ्याउभ्याच विचारलं. "सिरोंचाचा असला तरी आत्ता निघतो. आणखी दूरचा असला तरी."

बायको दारात जाऊन उभी राहिली होती. मी तिच्याकडे पाहायचं टाळलं.

"पुसट आहे, मास्तर. वाचता येत नाही," मी म्हणाले. इतकं वाईट खोटं मी आयुष्यात बोलले नसेन.

त्यांनी हात पुढे केला. मला झेरॉक्स द्याव्याच लागल्या. ते ओसरीच्या काठाशी गेले आणि एकेक कागद उन्हात धरून पाहू लागले. नऊही पाहिले. मग पहिला परत पाहिला.

"पुसट काहाले, मॅडम? हा त आपलाच आहे."

ते मागे वळले तेव्हा त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता इतका मोकळा झाला होता. "अवं," ते बायकोला म्हणाले, "इथीच होती थे. कुठी गेलीच नोती. इथूनच टाकत होती पत्रं. एवढी वर्सं म्या उगाच भेत राह्यलो."

त्यांनी पिशवी सोडली. धोतर बाहेर काढलं, भाकरीचं गाठोडं काढलं, तळाशी घडी घातलेला एक लहानसा फ्रॉक होता तो काढला, आणि सगळं टेबलावर ठेवलं.

"घरीच होती," ते परत म्हणाले.

"हौ," बाई म्हणाली. "मले मालूम होतं."