शंकेखोर बाईंचं इंग्रजी

इंग्रजीच्या बाईंचा विशेषणांवर काडीचा विश्वास नव्हता. आम्ही मुली त्यांना मागून शंकेखोर बाई म्हणायचो. फळ्यावर ‘ऑनेस्ट मॅन’ लिहून त्या ‘ऑनेस्ट’वर तळहात ठेवायच्या आणि विचारायच्या, “नुसतं मॅन म्हटलं असतं त भागलं नसतं? हे काहून चिकटवलं? कोणाले शंका आली होती?”

दुसऱ्या शब्दाला चिकटून त्याचा अर्थ बदलतो तो मॉडिफायर, हे आम्ही असं शिकलो. कामाचा असेल तर ठेवायचा, ज्याच्याविषयी असेल त्याच्या शेजारीच बसवायचा, नाहीतर सरळ काढून टाकायचा. बाई इतवारीच्या कापडबाजारातही हेच करत. दुकानदार ‘पक्का रंग’ म्हणाला, की लुगड्याचं टोक थुंकीनं ओलं करून रुमालावर घासत. त्यांच्याबरोबर खरेदीला जायची लाज वाटे.

मॅट्रिक झाल्यावर मला स्थळ आलं. मला कॉलेजात जायचं होतं. बघायला आलेली मुलाची आई म्हणाली, “शिकवू ना, नक्की शिकवू.” बाबा खूश झाले. आईनं बाईंनाही बोलावलं होतं. त्यांनी कप खाली ठेवला.

“शिकवू म्हटलं, तेवढं पुरे होतं,” त्या म्हणाल्या. “कॉलेज सकाळी सातचं आहे. सैपाक कोण करन?”

ते पाहून घेऊ, असं उत्तर आलं. बाईंनी पुन्हा तेच विचारलं. मग मात्र, सून आल्यावरही सासूनंच चुलीपुढे बसायचं का, असं सुनावून पाहुणे उठले.

मोहल्ल्यात बाईंच्या नावानं शिमगा झाला. स्वतः बिनलग्नाची, दुसरीचं काय जमू देणार, असंही लोक बोलले. संशय साथीच्या रोगासारखा लागतो. एक रात्र मलाही ते खरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी बाबा मला घेऊन बाईंच्या घरी भांडायला गेले. नाही नाही ते बोलले. शेवटी बोलून बोलून बाबा थकले, खुर्चीत बसले.

“शिकवतो तिले,” ते म्हणाले.

बाई त्यांच्याकडे पाहत थांबल्या. बाबांनी पुढं ‘नक्की’ वगैरे काहीच जोडलं नाही. मग बाई उठल्या आणि त्यांनी चहा ठेवला.

माझं कॉलेज संपेपर्यंत त्यांनी बाबांना फीचं एकदाही विचारलं नाही. अख्ख्या जगावर शंका घेणाऱ्या बाईंनी बाबांवर मात्र घेतली नाही, हे त्यांना फार जड गेलं असावं. हात आखडता घ्यायची त्यांची कधी छाती झाली नाही. बाई गेल्या तेव्हा ते माझ्याहून जास्त रडले.