जावयाचं लोखंड

"पाटा माझ्या ट्रकचा होता, तातेराव. लोखंड माझं."

"आन् हात कोणाचे होते, मालक?"

"हाताची मजुरी दिली ना? मंग? जावई इथंच राहील."

जावई म्हणजे एक पाना. इंजिनाच्या तोंडाशी, हँडल अडकतं तिथला क्रँकचा नट साध्या पान्याला दाद देत नसे. जालन्यातले बाकीचे मिस्त्री तो छन्नी-हातोड्यानं ठोकून फिरवत. तातेरावानं ट्रकच्या स्प्रिंगच्या मोडक्या पाट्याचा तुकडा भात्यावर लाल केला, महिनाभर कानस चालवली आणि नटाच्या दातांत बरोबर बसणारा, लांब दांडीचा पाना घडवला. वर्षातून चारदा लागायचा, एरवी मानानं खुंटीवर. म्हणून जावई.

तातेराव धावडा गावचा. बापानं छप्पन साली दीक्षा घेतली, गावकीची कामं सोडली आणि पुढं पोराला सर्जेरावाच्या गॅरेजात घातलं. अकरा वर्षं त्यानं गाड्यांखाली पाठ टेकली. आता, चौऱ्याहत्तरच्या दिवाळीला, जाफराबादेत स्टँडजवळ त्याची स्वतःची टपरी ठरली होती. बाकीचे पाने बाजारात मिळत. जावई मिळत नव्हता. तो नसला तर तिथंही छन्नीच.

सर्जेराव म्हणाला, जावयावाचून कुणाचं अडत न्हाई. आणि रेडिएटर उतरवलेल्या अँबॅसिडरच्या नटाला त्यानं स्वतःच छन्नी लावली. तिसऱ्या घावाला नटाच्या दाताचा टवका उडाला.

गाडी चालू होऊ नये म्हणून तातेरावानं कॉइलची वायर काढली, जावई दातांत बसवला, दांडी चासीला टेकवली आणि मालकाला स्टार्टर जरासा ओढायला सांगितलं. गाडीनं आपल्याच जोरानं आपला नट सोडला. कट्.

सर्जेराव हसत गाडीतून खाली उतरला. "पाह्यलं? असल्याला तर मी घरजावईच ठेवीन."

तातेरावानं पाना चिंधीनं पुसला, टेबलावरच्या शिकंज्यात आवळला आणि लोखंड कापायची करवत आणून शेजारी ठेवली.

"बराबर हाये, मालक. लोखंड तुमचं. तेवढं कापून घ्या. घडण माझी हाये, ती मी घेऊन जातो."

सर्जेरावानं करवत उचलली. पात्याच्या दातांवरून अंगठा फिरवला. पान्याकडं बघितलं, तातेरावाकडं नाही. मग करवत होती तिथं ठेवली, खिळ्यावरची टोपी डोक्यावर चढवली आणि बाहेर निघून गेला.