उतरवलेला मृदंग

मुंबईचे विमान गाठण्यासाठी पहाटेची एस.टी. धरायची होती. वडिलांनी माझी गिटार स्वतःच्या खांद्यावर घेऊन थांब्यापर्यंत आणली. आमच्या कोकणातल्या गावच्या जाखडी नाचाच्या मंडळात ते मृदंग वाजवीत. गिटारीला ते वाद्य मानत नसत. गाडी आल्यावर एवढेच म्हणाले, "वाद्याला आधी तिथली हवा लागू दे. मग हात लाव."

बहारीनमध्ये ती आज्ञा पाळली. दिवसा एसी दुरुस्तीची शिफ्ट, सायंकाळी राजधानी मनामातील हॉटेलात वादन. बाहेर समुद्राची दमट हवा, आत कोरडा गारवा, तारांचे सूर हलत. म्हणून अगोदर जाऊन गिटारीची पेटी उघडून ठेवी. लोकगीते आणि अमेरिकी ब्लूज, एवढेच वाजवले. ब्लूजच्या संथ ठेक्याखाली मला गावाकडचा, पलीकडच्या वाडीवरून येणारा मृदंग ऐकू येई. कोणास सांगितले नाही. पुढे नोकरी खलास झाली, गिटार राहिली. तिच्या कमाईवर तिथल्याच रिफा शहरात संसार झाला. वडील वारले तेव्हा व्हिसा अडकला होता. जाता आले नाही.

गेल्या गौरी-गणपतीत गावी गेलो. वडील गणपतीच्या ज्या स्तवनाने, गणाने, जाखडीचा आरंभ करीत, तो त्यांच्या अंगणात एकदा म्हणायचा होता. दुसरे काही नको होते. गिटार दोन दिवस ओटीवर उघडी ठेवली. तरी सूर जुळेना. वयाबरोबर माझा आवाज उतरला, गिटारही तशीच खाली लावलेली. मंडळ मात्र वडिलांच्याच चढ्या पट्टीत गाते. तारा ताणल्या असत्या तर त्यांना धरणारी जुनी घोडी उखडली असती.

मंडळातला एक जण म्हणाला, "काका, आवाज एसीत ठेवला होतात काय? पार बसलाय." सगळे हसले. मी गिटार पेटीत ठेवू लागलो.

मृदंगावर आता धाकटा भाऊ बसतो. तो म्हणाला, "दादा, ऱ्हाऊ दे बाहेर. मृदंग मी उतरवतो."

त्याने मृदंगाच्या अंगावरचे लाकडी गट्टे हातोडीने ठोकून चामड्याची वादी सैल केली. वडिलांची पट्टी खाली आली. गण झाला. नाचणाऱ्यांच्या पायांतील चाळांचा नाद धुक्यापलीकडून यावा तसा येत राहिला.

परवा भावाला फोनवर विचारले, मृदंग पुन्हा चढवला का.

"नाही. मंडळ कुरकुरतं. पण तू येशील तेव्हा परत उतरवायचा कशाला?"

मी इथली, रिफाची खिडकी उघडली. दमट हवा तारांना लागू दिली. घर कोठे, असे तुम्ही गावी मागे राहिलेले विचारता, माझ्यासारखे निघून आलेलेही विचारतात. मला त्या घराची पट्टी ठाऊक आहे. एवढे पुरे.