विरजणाचं मडकं

माझं शुद्धलेखन कच्चं आणि अक्षर त्याहून वाईट, कारण शाळा चौथीतच सुटली. त्याबद्दल माफ करा. माफ करण्यात मात्र दौंडला आमच्या मागल्या खोलीत राहणाऱ्या माझ्या नवऱ्याच्या मामांचा हात साऱ्या जिल्ह्यात कोणी धरला नसता.

मामा जहाजावर स्वयंपाकी होते. युरोपात कुठंतरी आजारी पडले, तेव्हा एका मठातल्या साधूंनी त्यांना वर्षभर सांभाळलं. ते साधू प्रार्थना करायचे, कामापुरतं बोलायचे आणि बिअर करायचे. मामांनी तिन्ही गोष्टी उचलल्या. परसात रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगून ते मठातल्या घंटेसारखा वेळच्या वेळी ठोका द्यायचे. गल्लीतल्या बायका त्यावर कुकर लावायच्या. मोड आणलेले जव शिजवताना अंगावर माझी जुनी पांढरी चादर, आणि पुढच्या ठोक्यापर्यंत तोंडातून शब्द नाही. कोणीतरी मौनीबाबा समजून पुढ्यात नारळ ठेवून गेलं. ठोका पडल्यावर मामांनी त्याची चटणी वाटली.

"साधू आन् दारू?" सासूबाई टोमणा मारायच्या.

"दारू न्हाई अक्का, उपासातली भाकर हाय त्यांची. पातळ."

विकायची नाही, संध्याकाळी एक पेला, बस. मी लाजरी; त्यांच्याशेजारी बसून जव निवडायला मला आवडायचं. तिथं गप्प राहण्याला कोणी नावं ठेवत नव्हतं.

शिजवलेल्या जवाचं पाणी रांजणात आंबलं की वर फेस यायचा, तो मडक्यात काढून मामा पुढच्या खेपेला विरजण म्हणून घालायचे. मूळ विरजण मठातलं, इतकी वर्षं जगवलेलं. मला हे ठाऊक नव्हतं. माझं माहेर वरवंडचं, गुऱ्हाळावरचं. रसावर मळी आली की काढून टाकायची, एवढंच मी शिकलेली. एकदा रांजण धुऊन पालथा घातला होता, मामा प्रार्थनेला बसले होते. मी मदत म्हणून मडकं मोरीत ओतलं, उकळतं पाणी घालून राखेनं घासलं.

मामांनी मडक्यात पाहिलं, मग मोरीकडं. ठोक्याला वेळ होता. ते माझ्याशेजारी बसून जव निवडत राहिले. ठोका दिल्यावर म्हणाले, "लख्ख घासलंस पोरी."

"मळी होती मामा."

"व्हय. मळीच."

पुढं तीनदा जव शिजवले, पण फेस आलाच नाही. नुसतं आंबट पाणी. "विरजण मोरीत घातल्यावर दही लागंल व्हय?" सासूबाई म्हणाल्या, तेव्हा मला कळलं. मामा रोज संध्याकाळी ते पाणी पेलाभर प्यायचे आणि "बरं झालंय" म्हणायचे.

माफी मागायला मी रोज परसात जायची आणि जव निवडून परत यायची. मग त्यांचा पुतण्या त्यांना शिरूरला घेऊन गेला. तिथंच ते वारले.

रुळाचा तुकडा इथंच राहिला. संध्याकाळचा ठोका आता मी देते. ठोक्यानंतर बोलायची मुभा असते.