संध्याकाळचा पाय

मार्गशीर्ष वद्य पंचमी, बुधवार. सकाळपासून ओसरीवर बसून शिकारीच्या जोड्यांना एरंडेल चोळते आहे. आठ दिवसांनी घरचे पुरुष डोंगरात जातील. जोडे आत्ता तेल प्यायले नाहीत, तर तिथल्या दवात लाकडासारखे होतात. हात कामात आहेत आणि डोकं रिकामं आहे, म्हणून जिनं मला जोड्यातलं सगळं शिकवलं तिच्याबद्दल लिहून ठेवते.

ती पुरुषांना पायांवरून ओळखत असे. चेहरा तिनं एकाचाही पाहिला नव्हता. अमरावतीला कापूसबाजाराच्या मागच्या गल्लीत तिचं घर होतं. दारात तरटाचा पडदा, पडद्याच्या आत ती, बाहेर गिऱ्हाईक. पडद्याखालून ती ओल्या राखेनं भरलेली परात सरकवायची. गिऱ्हाइकानं तिच्यात पाय ठेवायचा, मग पांढऱ्या मांजरपाटाच्या तुकड्यावर ठसा उमटवायचा आणि कापड आत सारायचं. नाव तिचं काय होतं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. सगळे राखवाली खाला, म्हणजे मावशी, म्हणत. नवरा अचलपूरच्या पलटणीला जोडे पुरवायचा. तो असतानाही निम्मं शिवणकाम तिचंच असायचं. तो गेल्यावर तिनं सगळंच करायला घेतलं, इतकाच फरक.

बाई असल्यामुळे मी पडद्याच्या आत बसत असे. तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही हा आमच्या घरचा दंडक तिला ठाऊक होता. त्यावर ती कधी बोलली नाही. हिवाळ्यात मी गेले की हिरव्या हरभऱ्याची जुडी माझ्या पुढ्यात टाकायची आणि म्हणायची, "खा पाटलीण, हे तर तुमच्याच वावरातलं हाय." मी घाटे सोलत बसायची आणि बाहेरची गंमत ऐकायची.

एकदा एका गृहस्थानं तिची परीक्षा घ्यायची ठरवली. आठवड्यापूर्वी माप देऊन गेला होता. पुन्हा आला, आवाज बदलून वेगळंच नाव सांगितलं आणि राखेत पाय ठेवला. खालानं कापड उजेडाकडं धरलं आणि आतून विचारलं, "मागल्या हप्त्यात तिवस्याचे होते, आज अकोल्याचे कसे झाले, मियाँ? अंगठा तर तोच हाय." गल्लीतले लोक इतके हसले की त्यानं दोन जोडे सांगितले आणि पाय न धुताच निघून गेला.

त्या वर्षांत कापसाला कधी नव्हता असा भाव आला होता. समुद्रापलीकडं कुठं तरी लढाई चालली होती आणि तिकडचा कापूस अडला होता, म्हणून विलायतेच्या गिरण्या आमच्या काळ्या मातीकडं बघू लागल्या, असं पुरुष म्हणत. आम्हाला दिसलं ते एवढंच, की ज्यांनी आजवर साधा ससा मारला नव्हता ते एकाएकी शिकारी झाले. पौषात बंदूक घेऊन चिखलदऱ्याच्या बाजूला गेलं नाही, तर तो मोठा माणूस कसला? आणि डोंगरातली थंडी आमच्या भातकुलीकडच्या थंडीसारखी नसते. तिथं पहाटे गवतावरचं दव कडक होतं. वहाणा घालून गेलेला माणूस सांबराऐवजी स्वतःच्या बोटांचा विचार करत बसतो.

जोडा हवा म्हणून कोणी आलं की खालाचा पहिला प्रश्न ठरलेला असे. "बैठना है के चलना है? पहले इत्ता बोलो."

मचाणावर बसणाऱ्याला ती दोन तळांचा जोडा करायची आणि तळांच्या मध्ये जुन्या घोंगडीचा थर घालायची. चालणाऱ्याला सांबराच्या कातड्याचा, एका तळाचा, मऊ. कोणी म्हणालं की दोन्ही करणार, तर ती म्हणायची, "मग दोन जोडे घ्या. एका जोड्यात दोन माणसं नाही मावत." बाजारात तेव्हा विलायती बूट आले होते, आरशासारखे चकचकीत आणि गुडघ्यापर्यंत उंच. ते घालून कोणी गल्लीत शिरलं की खाला आतूनच आवाज ऐकायची. "करकर करून राहिला," ती मला म्हणायची. "हा जंगलात गेला तर सांबर घरी जाऊन, जेवून, हात धुऊन येईल."

घट्ट जोड्याचा तिला राग होता. श्रीमंत गिऱ्हाइकाला जोडा पायाला चिकटलेला हवा असे, कारण तो दिसतो चांगला. खाला ऐकायची नाही. पायाला घोंगडीची पट्टी गुंडाळून वर बोटं हलली पाहिजेत, म्हणजे पाहिजेतच. "गरमी चमड्यात नसते, जागेत असते," ती म्हणायची. "पाय आवळला की रगत थांबते. रगत थांबलं की वाघाचं कातडं गुंडाळा, पाय थंडाच." आणि माप संध्याकाळीच द्यायचं, दिवसभर चालून झाल्यावर. सकाळी कोणी आला तर ती परात सरकवायचीच नाही. "सकाळचा पाय झोपेतला असतो. जा, वावरात चक्कर मारून ये, मग आपला खरा पाय घेऊन ये."

एका हिवाळ्यात तिचा भाचा बऱ्हाणपूरहून आला. चांगला माणूस, पण ठाम. मावशी एकटी, वय झालेलं, विलायती बुटांमुळं काम कमी झालेलं. त्यानं तिला संक्रांतीपर्यंतची मुदत दिली. या हंगामात हाताला पुरेसं काम आलं तर रहा, नाही तर सामान बांध आणि माझ्या घरी चल. खालाला जायचं नव्हतं.

"त्याच्या घरी मला पोरं सांभाळावी लागतील अन् रोट्या कराव्या लागतील," ती म्हणाली. "माह्या रोट्या कोणाले चाववत नाहीत, पाटलीण. जोडा चांगला जमते."

मी म्हटलं, काम मी आणते. माझे दीर, आम्ही त्यांना भाऊजी म्हणतो, त्या वर्षी सहा जणांची टोळी घेऊन डोंगरात जाणार होते. आमच्या ह्यांनाही ओढलं होतं. आधी आमच्या घरचे दोन जोडे व्हावेत, ते बाकीच्यांनी डोंगरात पाहावेत, आणि परत आल्यावर सगळ्यांनी आपापले सांगावेत, असा माझा हिशेब. तिवस्याच्या देशमुखांनी तर तोंडानं कबूलही केलं होतं की भाऊजींचा जोडा चांगला निघाला तर आपल्या घरचे चार जोडे खालाकडंच.

अडलं ते भाऊजींच्या मानावर. "मी पाटील माणूस, वयनी. बाईच्या परातीत पाय खुपसून गल्लीत उभा राहू?"

"मग पाय घरी ठिवा. ठसा मी घेते."

खालाकडून कापडाचे तुकडे आणले. तिनं मला तीनदा बजावलं. संध्याकाळी घे, वावरातून आल्यावर घे, दोन्ही पायांवर भार देऊन घे. मी हो म्हटलं. पण ते वेचणीचे दिवस होते. संध्याकाळ झाली की अंगणात बाया कापसाची गाठोडी घेऊन उभ्या, वजन मी करायचं, भांडणं मी सोडवायची. चार दिवस तसेच गेले. पाचव्या दिवशी मी वैतागले आणि सकाळी उठल्या उठल्या दोघांनाही राखेत उभं केलं. पाय तो पाय, त्यात सकाळ संध्याकाळ काय एवढं, असं मला वाटलं. कामं उरकण्यात माझा हात कोणी धरत नाही, याचा मला तेव्हा फार अभिमान होता.

खालानं कापडं हातात घेतली. बराच वेळ पाहिली. मग माझ्याकडं न बघता विचारलं, "शाम का हाय ना?"

"हाव," मी म्हटलं.

पुन्हा विचारलं, "पाटलीण, शामचंच ना?"

"हाव म्हटलं ना खाला. किती वेळा विचारशील?"

तिनं कापडं घडी घालून ठेवली आणि बारा दिवसांत जोडे दिले. देखणे होते. भाऊजी घरात घालून फिरले आणि खूश झाले. कारण सकाळी फिरले.

डोंगरात काय झालं ते मला दोन तोंडांनी कळलं. दिवसभर चढ चढून पाय सुजले. पट्टी गुंडाळून जोडा चढेना, म्हणून भाऊजींनी पट्टी फेकली आणि नुसता जोडा कसाबसा घातला. मचाणावर बसल्यावर पाय आधी दुखला, मग बधिर झाला. चोळायला म्हणून त्यांनी जोडा ओढून काढला, तो हातातून सुटला आणि खाली पाणवठ्यावर आलेल्या सांबराच्या पुढ्यात पडला. सांबर गेलं. टोळीतले बाकीचे पाच जण हसून हसून मचाणावरून पडायचे राहिले. आमच्या ह्यांनी दुसऱ्याच दिवशी आपले जोडे काढून खांद्यावर टाकले आणि वहाणा घालून फिरले. ते काही बोलले नाहीत. भाऊजी मात्र घोंगडीत पाय गुंडाळून गाडीतून परत आले आणि बाजारभर बोलत सुटले. सांबर गेल्याचं त्यांना फारसं दुःख नव्हतं, लोक हसले हे त्यांना लागलं होतं. "म्हातारी आंधळी झाली," ते सांगत. "तिले ठसाच दिसत नाही. पैसे देऊन पाय गमवायचे असतील तर जा तिच्याकडं."

लोक गेले नाहीत. तिवस्याच्या देशमुखांनी विलायती बूट घेतले. ज्यांनी आधी माप दिलं होतं त्यांच्यातले दोघे कापडं परत मागून घेऊन गेले.

संक्रांतीच्या दोन दिवस आधी मी भाऊजींचे जोडे घेऊन खालाकडं गेले. भाचा आला होता. अंगणात गाडी उभी होती आणि तो हत्यारांची पेटी दोरीनं आवळत होता. खालानं जोड्यात हात घातला, आतून बोटं फिरवली आणि जोडा माझ्या मांडीवर ठेवला.

"हा सकाळचा पाय हाय," ती म्हणाली.

"हाव."

"मले कापडावरच दिसलं होतं. बोटं एकमेकाले चिकटलेली. शामले बोटं अशी नसतात."

"मग केलास काहून? परत पाठवायचं ना कापड!"

"दोनदा पुसलं तुले. तू शाम म्हटलं." ती दोरीच्या गाठीकडं बघत होती. "गिऱ्हाईक खोटं बोलते, ते मले रोजचं हाय. तू तर पडद्याच्या आत बसते. तुले खोटी कशी म्हणू?"

मी म्हटलं की मी भाच्याशी बोलते, चूक माझी आहे, मुदत वाढवून घेते. ती हसली.

"काम कुठं हाय आता? जाऊ दे. बऱ्हाणपूर काही वाईट नाही. माणसांचे पाय तिथंही असतील." मग हसू गेलं. "एवढंच लागलं मनाले, की बाजार म्हणते खालाले दिसत नाही. चाळीस वर्षं झाली, पाटलीण. जाऊन राहिली त्याचं नाही. आंधळी होऊन जाऊन राहिली."

उद्या सकाळी निघणार, असं भाच्यानं सांगितलं. मी घाटे न सोलताच उठले. घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं. त्यांनी तंबाखू मळून तोंडात टाकली. मग म्हणाले, "झालं ते झालं. घरात सांगितलं, पुरे. बाजारात कशाले? भाऊले किती लाज वाटंल."

"त्याईले थोडी वाटू द्या," मी म्हटलं. "मले जास्त वाटून राहिली."

दुसऱ्या दिवशी सकाळी खालाची गाडी निघायची होती. निरोपाला जायला पाहिजे होतं. पण तिथं थांबले असते तर बाजारातली मंडळी पांगली असती आणि रडणं मला नीट येत नाही. मी बैल जुंपायला लावले आणि सरळ कापूसबाजारात गेले. अडत्याच्या दुकानापुढं गाठींवर नेहमीची मंडळी बसली होती. तिवस्याचे देशमुख होते, टोळीतले तिघं होते आणि मधोमध भाऊजी.

"वयनी! तुमी इथं काहून?"

"सांगायले आली," मी म्हटलं, आणि गाडीतून न उतरताच, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "भाऊजींच्या जोड्याचं माप म्या घेतलं. खालानं सांगितलं होतं संध्याकाळी घे. म्या सकाळी घेतलं अन् तिले खोटं सांगितलं. तिनं मापाबरहुकूम जोडा केला. तिच्या डोळ्याले काही झालं नाही. खोटं माह्यं हाय."

देशमुख म्हणाले, "बाई, भर बाजारात आमच्या पाटलाले खाली पाहाले लावलं तुमी."

"त्याईनं भर बाजारात एका बाईले आंधळी केलं, तवा तुमी काही म्हटलं नाही."

भाऊजी उठून गाडीपाशी आले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. हळूच म्हणाले, "बस झालं वयनी. चला घरी."

"चलते. आदुगर तुमी म्हणा, खालाले दिसते."

ते जमिनीकडं बघून काही तरी पुटपुटले. मी कासरे हातात घेतले नाहीत. "ऐकू नाही आलं," मी म्हटलं. तेव्हा त्यांनी मान वर केली आणि गाठींवर बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं ते वाक्य म्हटलं. मग मी बैल हाकले.