कपाटात रेकॉर्ड केलेली तीन गाणी

मावशींकडे गल्लीतल्या सगळ्यांची मापं होती. कोणाचं पोट सुटलं, कोण आतून खंगत चाललंय, हे डॉक्टरच्या आधी त्यांना कळायचं, कारण पँट आधी त्यांच्याकडे यायची. नवीन कपडे त्या शिवत नसत. ढिलं घट्ट करायचं, घट्ट ढिलं करायचं, दुमड घालायची, चेन बदलायची, एवढाच धंदा. पुढच्या खोलीत मशीन, मागच्या खोलीत संसार. नवरा लवकर गेला तेव्हा लोक हळहळले, आता बाईचं कसं होणार म्हणून. बाईचं झालं. पोरगा वाढला आणि व्हॅन घेऊन दुकानांना माल पोचवायला लागला.

पोराला सगळे मुका म्हणत. खरं नाव वेगळं होतं, पण शब्द खर्च करणं त्याच्या जिवावर यायचं. फोनवर ‘हं’, मेसेजमध्ये ‘येतो’. आणि असा हा प्राणी चक्क एका डेथ मेटल बँडचा गायक होता. त्यातही यांचं संगीत डूम जातीचं, म्हणजे इतकं संथ की ड्रमचा एक ठोका पडून दुसरा पडेपर्यंत माणसाने शर्टाचं बटण लावून घ्यावं. त्यावर मुका नरड्याच्या तळातून गुरगुरायचा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मावशी हातात गरम पाण्याचा पेला घेऊन धावल्या होत्या.

“हे गाणं आहे की पोट बिघडलंय तुझं?”

तो हसला. हसणंसुद्धा बिनआवाजाचं.

बँडने तीन गाण्यांची ईपी, म्हणजे छोटा अल्बम, काढायचं ठरवलं. गिटार आणि ड्रम एका गोदामात वाजले, पण गाणं मावशींच्या कपाटात रेकॉर्ड झालं. दुरुस्तीला आलेले कोट आणि झगे तिथे दाटीवाटीने टांगलेले असत, त्यामुळे आवाज घुमत नसे. लोकांच्या लग्नाच्या कोटांत तोंड खुपसून मुका मरणाची गाणी म्हणायचा. तेवढा वेळ मशीन बंद, पंखा बंद, फ्रिजही बंद. मावशी हात मांडीवर घेऊन बसायच्या आणि मनातल्या मनात चडफडायच्या. आतलं शांत झालं की दार किलकिलं करायच्या.

“झालं का रे?”

“अजून एकदा.”

“घसा फाटेल.”

“नाही फाटत. तू जेवून घे.”

रेकॉर्डिंग थांबवायला तो हमखास विसरायचा, म्हणून हे सगळं त्यात जायचं आणि तसंच ड्रमरच्या कॉम्प्युटरवर पोचायचं. मायलेकांचं एवढं बोलणं एरवी होत नसे.

तिसरं गाणं झालं आणि त्याच आठवड्यात घाटातल्या वळणावर व्हॅन उलटली. मुका जागच्या जागी गेला. त्याच्या फोनचा चुरा झाला होता.

माणसं आली, बसली, गेली. मावशी पुन्हा मशीनवर बसल्या, कारण लोकांच्या पँटी कोणासाठी थांबत नाहीत. दुःख होतंच, ते कुठे जाणार? पण त्या दुःखाच्या पोटात एक भीती वाढत होती. पोराचा चेहरा फोटोत होता. आवाज कुठेच नव्हता. सुरुवातीला ‘आई’ ही हाक कानात आपोआप यायची. मग आठवावी लागायची. एके सकाळी आठवूनही आली नाही. मग एकदम कपाट आठवलं, त्यातलं बोलणं आठवलं, आणि जीव भांड्यात पडला.

ईपी घेऊन आला तो बँडचा ड्रमर, त्याला सगळे गोगलगाय म्हणत. दिवसा टायरच्या दुकानात काम करायचा. मुखपृष्ठ काळं, त्यावर बँडचं नाव झाडाच्या मुळ्यांसारखं लिहिलेलं, कोणी वाचून दाखवलं तर शपथ. त्याने लॅपटॉप मशीनवरच ठेवला.

“लावू, मावशी?”

“लाव. पण आधी ते मधलं लाव. गाणं थांबल्यावर आम्ही बोलायचो ते.”

गोगलगायचा चेहरा पडला.

“ते काढलं, मावशी.”

“काढलंस तर ठेवलं असशील ना कुठेतरी.”

“पुसलं. कॉम्प्युटर भरला होता. नुसतं गाणं ठेवलं.” त्याला मान वर करवेना. “मुक्याला जराशी खरखर चालायची नाही. त्याचं शेवटचं काम, म्हटलं त्यावर डाग नको. एकेक श्वाससुद्धा बसून साफ केला.”

मावशींना त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. पण गोगलगायचे डोळे भरले होते, आणि त्या स्वतः तरी काय करत होत्या? जन्मभर लोकांच्या पँटचे कापलेले तुकडे त्यांनी केरात टाकले होते. ते परत मागायला कोणी आलं नव्हतं.

“काय काय होतं त्यात?” त्यांनी विचारलं.

गोगलगायला सगळं पाठ होतं. कुठून कापायचं हे ठरवण्यासाठी त्याने ते कितीदा तरी ऐकलं होतं. तो सांगत गेला, झालं का रे, घसा फाटेल, तू जेवून घे. मग थोडा अडखळला.

“एकदा तुम्ही दार लावून गेलात आणि तो एकटाच बोलला. स्वतःशीच.”

“काय?”

“म्हणाला, ‘आता नीट म्हण, बाबा. आईचं काम थांबलंय. किती ताटकळत ठेवशील तिला?’”

मावशी म्हणाल्या, “कसं म्हणाला?”

गोगलगायने आवाज खाली आणून म्हणून पाहिलं.

“असा नाही बोलायचा तो.”

“मग कसा?”

सांगायला मावशींनी तोंड उघडलं आणि त्यांना सांगता येईना.

त्यांनी डोळे मिटले आणि ते वाक्य मुक्याच्या तोंडी घालून पाहिलं. शब्द आले, आवाज आला नाही. पुन्हा पाहिलं. मग खूप खोलातून त्याची ती गुरगुर तेवढी आली, आणि त्या गुरगुरीतच तो म्हणाला, किती ताटकळत ठेवशील तिला. मावशी पोटातून रडल्या. इतक्या दिवसांत अशा रडल्या नव्हत्या. गोगलगाय पाणी आणायला उठला.

“बस,” त्या म्हणाल्या. “लाव तुझं गाणं. आता तो एवढंच बोलतो.”